मारोती वल्द मारोती : नाव आणि आडनाव एकच असलेल्या पूर्वजांचा माग कसा घ्यावा

माझे आजोळ कंधार तालुक्यातले. तिथल्या १९५४-५५ सालच्या खासरा पाहणी पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदींत, एक ओळ आहे : "मारोती वल्द मारोती, अ.पा.क. आई." ("वल्द" म्हणजे "चा मुलगा"; बाकीचा उलगडा पुढे येईल.) त्यानंतरच्या वर्षी शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत हाच मुलगा "मारोती मारोती" असा दाखल झाला आहे, आणि पुढे त्याच्या मुलांच्या ओळखपत्रांवर "मारोती" हे चक्क आडनाव म्हणून छापले गेले आहे. वंशावळ लिहायला बसलो तेव्हा आम्ही ही कारकुनाची चूक समजलो आणि दुसरा मारोती खोडून टाकला. त्या खोडण्याने आमच्या झाडातला एक माणूस, म्हणजे त्या मुलाचा बाप, तीन वर्षे गायब होता.

आपल्या घराण्यात नाव आणि आडनाव एकच असलेला माणूस सापडला तर काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. पहिला नियम असा की असे नाव दिसताच ते दुरुस्त करू नये आणि ते तसेच खरे आहे असेही गृहीत धरू नये. दोन ठिकाणी आलेला एकच शब्द म्हणजे दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या दोन वेगळ्या कारणांनी तिथे आलेल्या असू शकतात, आणि ते कारण सापडेपर्यंत दोन्ही जशाच्या तशा ठेवाव्यात.

दोन शब्द एक कसे होतात

गावात पोराला विचारतात, "कुणाचा रे तू?" पोरगे बापाचे नाव सांगते. तेच पोरगे शाळेत किंवा तहसीलमध्ये गेले की विचारतात, "आडनाव?" त्यालाही ते बापाचे किंवा आज्याचेच नाव सांगते, कारण ज्या घरात कुणी आडनावाने हाकच मारत नाही, त्या घरात हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे त्याला कुणी सांगितलेले नसते. मराठवाड्यातील बरीच आडनावे अशी लेखणीतून जन्मली आहेत. फॉर्मवरचा रिकामा रकाना भरायचा म्हणून आज्याचे नाव आडनाव झाले, आणि पुढे रिवाजाप्रमाणे नातवाला वारलेल्या आज्याचेच नाव ठेवले, की नातवाचे नाव आणि आडनाव जुळलेच.

दुसरा प्रकार खऱ्या, जुन्या आडनावांचा. गोपाळ, भास्कर, सागर, भगत हे शब्द नाव म्हणूनही चालतात आणि आडनाव म्हणूनही. यात गोपाळ या शब्दाला विशेष जपावे लागते, कारण ते मुलाचे नाव असते, आडनाव असते आणि एका भटक्या समाजाचेही नाव असते. जुन्या पत्रकात जातीच्या रकान्यातला "गोपाळ" नकलून घेताना शेजारच्या रकान्यात सरकला, तर नसलेले आडनाव तयार होते. म्हणून नक्कल घेताना नुसती ओळ उतरवू नये. पानाच्या माथ्यावरची रकान्यांची शीर्षके आधी उतरवावीत आणि प्रत्येक शब्द कोणत्या शीर्षकाखाली आहे ते लिहावे.

तिसरा प्रकार गोसावी घराण्यांचा. दशनामी परंपरेची दहा नावे म्हणजे गिरी, पुरी, भारती, सरस्वती, सागर, वन, अरण्य, पर्वत, तीर्थ आणि आश्रम. गृहस्थ गोसाव्यांत यांतील गिरी, पुरी, भारती ही आपल्याकडे नित्याची आडनावे आहेत. माहेरची भारती नावाची मुलगी भारती घराण्यात सून म्हणून आली तर ती कागदावर "भारती भारती" होते, आणि यात कुणाचीही चूक नसते. अशा वेळी तिच्या माहेरची नोंद काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने ती माहेरी वेगळ्याच नावाने सापडण्याची शक्यता असते. मठाच्या जमिनीच्या नोंदीत "वल्द" ऐवजी "गुरू" असा शब्द येतो. "शिवगिर गुरू रामगिर" यातला रामगिर बाप नसून गुरू आहे, आणि अशा नोंदीवरून रक्ताची वंशावळ बांधता येत नाही. संन्यास घेतला की पूर्वाश्रमीचे नाव-आडनाव दोन्ही मागे पडते. स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर होते. त्यांचे घराणे शोधणाऱ्याने "तीर्थ" हे आडनाव धरले तर तो कुठेच पोहोचणार नाही.

मुस्लिम घराण्यांत शेख, सय्यद, मिर्झा हे शब्द नावाच्या आधी लागतात आणि बापाच्या नावाआधीही पुन्हा लागतात, म्हणजे "शेख रफीक शेख अहमद". हे नाव संगणकाच्या तीन चौकटींत भरताना पहिल्या चौकटीत शेख आणि शेवटच्या चौकटीतही शेख पडतो, आणि यादीत माणूस "शेख शेख" म्हणून दिसतो. इथे ओळख पटवणारा शब्द मधला आहे, त्यामुळे शोध नेहमी त्या मधल्या शब्दाने घ्यावा आणि काझींकडे जुना निकाहाचा सियाहा, म्हणजे लग्नाची नोंद, असेल तर तो पाहावा.

देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाच्या सीमेवरील तालुक्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेलुगू रीतीत घराचे नाव, म्हणजे इंटिपेरू, आधी येते आणि माणसाचे नाव नंतर. आपल्या शाळांच्या नोंदवह्यांतही आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, सातबाऱ्यावर मात्र ते बहुधा शेवटी असते. एकाच माणसाचे शब्द उलटसुलट क्रमाने आले की कोणता शब्द आडनाव आहे याचा घोळ होतो, आणि दोन वेगवेगळ्या कागदांची सरमिसळ करताना एकच शब्द दोनदा लिहिला जातो.

मृत पित्याचे नाव

आता पुन्हा "मारोती वल्द मारोती" या ओळीकडे येतो, कारण हा प्रकार सर्वांत जास्त फसवतो. आपल्याकडे जिवंत बापाचे नाव मुलाला ठेवत नाहीत. मग बापलेकांचे नाव एकच कसे? उत्तर बहुतेक वेळा एकच असते : मुलगा पोटात असताना बाप वारलेला असतो, आणि जन्मलेल्या मुलाला बापाचेच नाव ठेवलेले असते. माझ्या आजोळी तसेच घडले होते. थोरले मारोती शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, वारले तेव्हा त्यांची बायको सहा महिन्यांची गरोदर होती.

पत्रकातली "अ.पा.क. आई" ही अक्षरे आम्हाला त्याच वेळी वाचता आली असती तर तीन वर्षे वाचली असती. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे इथे सज्ञान नसलेला, वयाने लहान. पालनकर्त्याच्या जागी आई असेल तर बाप हयात नाही हे जवळजवळ नक्की समजावे. ए.कु.मॅ. किंवा ए.कु.पु. असे लिहिलेले असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी असतो, आणि त्याच्या नावावरच्या जमिनीत इतर भावांचा हिस्सा असू शकतो, हेही त्याच ओळीतून कळते.

याचा उलगडा घरातल्या बोलण्यातूनही होतो, पण ऐकणाऱ्याला रीत माहीत असावी लागते. जुन्या काळी बाई नवऱ्याचे नाव घेत नसे, सासऱ्याचेही घेत नसे. मुलाचे नावच नवऱ्याचे असले की आई त्याला जन्मभर दुसऱ्याच नावाने हाक मारते. त्याच धाकट्या मारोतीला, म्हणजे आमच्या चुलत आजोबांना, सारे गाव बापू म्हणत असे, आणि मतदार यादीत ते बापूराव होते. आम्ही मारोती आणि बापूराव हे दोन भाऊ समजत होतो. ज्या घरात आज्याचे नाव नातवाला ठेवले आहे तिथेही हेच होते. सून सासऱ्याचे नाव घेऊ शकत नाही, म्हणून त्या नातवाला आबा, दादा, बापू, अण्णा अशी हाक पडते. वडीलधाऱ्या बायकांना "त्यांचे नाव काय होते?" असे थेट विचारू नये. "त्यांच्या नावाचे घरात आणखी कुणी आहे का?" असे विचारावे. माझ्या आजीने या प्रश्नावर मान हलवली आणि ओसरीवर बसलेल्या बापूंकडे बोट दाखवले. तीन वर्षांचा गुंता त्या एका बोटाने सुटला.

कागद कोणत्या क्रमाने पाहावेत

आजच्या कागदांपासून सुरुवात करून मागे जावे. आधार, मतदार यादी, शाळा सोडल्याचा दाखला हे सर्वांत ताजे, पण नाव-आडनावाच्या बाबतीत सर्वांत कमी विश्वासाचे आहेत, कारण त्यांत रकाना कसाही भरून टाकण्याकडे कल असतो. शाळेची मूळ प्रवेश-निर्गम नोंदवही पाहता आली तर दाखल्यापेक्षा ती बरी, कारण आडनाव माहीत नसताना गुरुजींनी जागा कोरी सोडल्याचे तिथेच दिसते, आणि नंतर वेगळ्या शाईने ती भरलेली असेल तर तेही दिसते.

वंशावळीसाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे फेरफार. सातबारा कुणाची जमीन आहे ते सांगतो, फेरफार ती कुणाकडून कशी आली ते सांगतो. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, वारसांची नावे आणि प्रत्येकाचे मयताशी नाते लिहिलेले असते. मुलगा, मुलगी, विधवा, पुतण्या ही नाती जिथे आहेत तिथे नावे कितीही सारखी असली तरी माणसे वेगळी करता येतात. राज्य शासनाच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर जुन्या फेरफारांच्या आणि पत्रकांच्या स्कॅन केलेल्या प्रती गावनिहाय पाहता येतात. आपल्या गावाचे कागद तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा. अर्जात गावाबरोबर जुना तालुका आणि जुना जिल्हाही लिहावा. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे लातूरकडील जुने कागद उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, आणि हिंगोलीकडील परभणीच्या नावाने बांधलेले असू शकतात.

त्यामागे गेले की निजामकालीन कागद लागतात. हैदराबाद संस्थानचा कारभार १८८४ पर्यंत फारसीत होता, नंतर उर्दूत चालला आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो काळ संपला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये हे दप्तर गावोगाव उघडले गेले, तेव्हा खासरा पत्रक, पाहणी पत्रक, मोडी आणि उर्दू नोंदी हे शब्द घराघरांत पोहोचले. संस्थानच्या पातळीवरचे दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे, आणि महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

या कागदांवरची साले "फसली", म्हणजे निजामकाळातील महसुली कालगणनेची, असतात. फसली सालात ५९० मिळवले की ते साल ज्या इसवी सनाच्या ऑक्टोबरात सुरू झाले तो सन मिळतो. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासून पुढचे वर्ष. नोंद जानेवारीनंतरची असेल तर ५९१ मिळवावेत. सारख्या नावाच्या माणसांत हा एका वर्षाचा फरकही महत्त्वाचा ठरतो, कारण कोण आधी वारला हे त्यावरून ठरते.

लिपी नाव कशी बदलते

उर्दूत ण आणि ळ नाहीत. माणिकचा मानिक होतो आणि गोपाळचा गोपाल, आणि ओकार व दीर्घ उकार एकाच वाव या अक्षराने लिहिले जात असल्याने मारोती आणि मारुती कागदावर एकसारखेच दिसतात. घाईच्या शिकस्ता अक्षरात गाफची वरची दुसरी रेघ सुटली की गचा क वाचला जातो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे "मारोतीमारोती" असे सलग आले तर एक शब्द कुठे संपतो हे लेखणी सांगत नाही; दोन नावांमध्ये "बिन" किंवा "वल्द" आहे का ते वाचकानेच शोधायचे असते. दोन्हींचा अर्थ "चा मुलगा" असाच आहे. "जौजे" म्हणजे बायको आणि "बेवा" म्हणजे विधवा. "कोम" या शब्दापाशी मात्र थांबून विचार करावा. मोडी कागदात बाईच्या नावापुढचा "कोम" म्हणजे अमक्याची बायको, आणि उर्दू पत्रकातला "कौम" म्हणजे जात. हा एक शब्द चुकला तर नवऱ्याचे नाव जात होऊन बसते किंवा जात आडनाव होऊन बसते. स्वतःला लिपी येत नसेल तर वाचकाकडून आधी अक्षरशः लिप्यंतर करून घ्यावे आणि अर्थ नंतर विचारावा, कारण जाणता वाचक चांगल्या हेतूने "दुरुस्त" वाचतो आणि दोनदा आलेले नाव एकदाच सांगतो.

मारोती-मारुती, ज्ञानोबा-ग्यानबा, हणमंत-हनुमंत, विठ्ठल-इठ्ठल, गणपती-गणपत ही जोडपी एक समजून शोध घ्यावा, पण उतरवताना जसे असेल तसेच उतरवावे.

आडनाव खरे की लेखणीचे

कागद संपले की भावकीकडे जावे. चुलत भावांच्या घरात हेच आडनाव आहे का, दुसऱ्या गावी गेलेल्या शाखेत आहे का, हे विचारावे. सगळ्या शाखांत असेल तर ते जुने आडनाव आहे. एकाच घरात असेल तर ते दोन पिढ्यांत लेखणीने दिलेले आहे असे धरून मूळ आडनाव शोधावे. बापूंच्या चुलत घराण्यात कुणाचेही आडनाव मारोती नाही.

याहूनही पक्की खूण सुतकाची. कुणाच्या मृत्यूनंतर कोणकोणती घरे दहा दिवसांचे सुतक धरतात, ते विचारावे. आडनाव वेगळे असूनही सुतक एक असेल तर ती एक भावकी आहे. आडनाव एक असूनही सुतक नसेल आणि दोन घरांत सोयरीक झालेली असेल, तर ते आडनाव निव्वळ योगायोगाने जुळलेले आहे. देवक, कुलदैवत आणि मूळ गाव यांनी याची पडताळणी करावी. तुळजापूरला आपल्या घराण्याचे पुजारी कोण, पैठण, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला आपले उपाध्ये कोण, हे घरात माहीत असेल तर त्यांच्या वहीत पूर्वजांनी स्वतः सांगितलेली नावे असतात. सरकारी रकान्याची सक्ती तिथे नसल्याने मला ही नोंद दाखल्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते. आपल्या गावी वंशावळ वाचायला येणारे भाट किंवा हेळवी असतील तर तेही ऐकावेत, मात्र त्यांनी सांगितलेल्या अगदी जुन्या पिढ्या वेगळ्या शाईने लिहाव्यात.

वंशावळीत लिहायचे कसे

इंग्रजीत आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून वेगळे दाखवतात. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, म्हणून दुसरी खूण लागते. संगणकावरच्या वंशावळींत वापरल्या जाणाऱ्या जेडकॉम या पद्धतीत आडनावाच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ देतात, आणि हीच खूण हाताने लिहितानाही सोयीची आहे. "गोपाळ विठोबा /गोपाळ/" असे लिहिले की कोणता शब्द काय आहे याची शंका उरत नाही. आडनाव नव्हतेच असे ठरले तर दोन रेघांमधली जागा रिकामी ठेवावी. तिथे बापाचे नाव भरू नये.

प्रत्येक माणसाला क्रमांक द्यावा आणि नाते जोडताना नावाऐवजी तो क्रमांकच वापरावा. मारोती, लक्ष्मण, मारोती, लक्ष्मण अशी आज्या-नातवाची साखळी चार पिढ्या चालते, आणि १९२० मधला मारोती लक्ष्मण आणि १९७० मधला मारोती लक्ष्मण हे दोघे क्रमांकाशिवाय एकच होऊन बसतात. कागदातले नाव, हाकेचे नाव, बापाचे नाव, आडनाव आणि ते कुठून आले याची टीप, एवढे रकाने पुरतात.

पूर्वजांच्या नोंदी बदलून घेण्याच्या फंदात पडू नये. स्वतःचे किंवा मुलांचे आडनाव सुधारायचे असेल तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी हा मार्ग आहे, आणि राजपत्राची प्रत वंशावळीला जोडून ठेवावी, नाहीतर पुढच्या पिढीला दोन वेगळी घराणी दिसतील. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम झाला आहे. तेव्हा नव्या वंशावळीत आईच्या नावाचा रकाना आतापासूनच ठेवावा.

आमच्या वहीत बापूंची नोंद आता अशी आहे : "क्रमांक १७. मारोती मारोती / /. हाकेचे नाव बापू, मतदार यादीत बापूराव. वडील क्रमांक ९, मारोती, पान लागून मृत. मुलाचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात पालनकर्ता आई. मुलांच्या कागदांवर मारोती हे आडनाव शाळेतील नोंदीवरून आले. भावकीत इतर कुणाकडे नाही."

क्रमांक नऊच्या पुढे आईचे नाव लिहायचे राहिले होते. पत्रकात फक्त "आई" आहे. ते नाव बापूंनी स्वतः सांगितले, आणि ते लिहून झाल्यावर वही हातात घेऊन त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.